चौथं चाक

आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं. माणूस कडक होता. कडक म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायचं की त्यांनी मला? सगळा जन्म मी त्या कडकपणाशी भांडत काढला. पण भेटायला आलेल्या माणसापुढे काय बोलणार, मी आपली मान डोलावत बसले. वर्ष होत आलं आता. आता सांगते.

सगळे त्यांना गेटवाले म्हणायचे. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे यांचा जुना रंग काढायचा, गंज घासायचा आणि नवा रंग चढवायचा, हा त्यांचा धंदा. घराच्या मागे पत्र्याखाली एक मोठं पिंप होतं. त्यात कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. जाळी आकड्याला अडकवून त्यात सोडायची, वर लाकडी झाकण ठेवायचं आणि आपण दुसऱ्या कामाला लागायचं. बाहेर काढली की रंग साफ उतरलेला आणि लोखंड जसंच्या तसं. सोडा लोखंडाला काही करत नाही. माणसाला मात्र करतो. ह्यांच्या मनगटावर डाग होते, माझ्या दोन साड्या त्या पिंपाने खाल्ल्या, आणि प्रत्येक वेळी दोष साडीचाच. "कशाला फडफडवत जवळ येतेस?" झालं, विषय संपला.

मी चुकलो, असं ह्यांच्या तोंडून कधी निघायचं नाही. भाजीत मीठ ह्यांनी जास्त घातलं तर चमचा मोठा निघायचा. रस्ता चुकला तर पाटी चुकीच्या जागी लावलेली असायची. मी हसायचे, चिडायचे, शेवटी हात टेकले. असतात काही माणसं अशी, म्हणून सोडून दिलं. पण पोरीच्या बाबतीत ते सोडून देता आलं नाही.

आम्हाला एकच मुलगी, चिमी. हे नाव घरातलं, पण सगळ्यांनी तेच धरलं. तिचं लग्न ह्यांनी आपल्या जुन्या मित्राच्या मुलाशी ठरवून टाकलं होतं. तिला न विचारता, मलाही न विचारता, शब्द देऊन मोकळे. आणि चिमीने एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मुलाशी लग्न केलं. मुलगा शांत, निर्व्यसनी, स्वतःच्या हाताचं खाणारा. अजून काय हवं असतं? पण ह्यांचा शब्द खाली पडला ना. दारात उभं राहून तिला म्हणाले, "ज्याच्याबरोबर आलीस त्याच्याबरोबर परत जा." ती गेली. त्यानंतर चार वर्षं ती या घरात आली नाही आणि ह्यांनी तिचं नाव घेतलं नाही. जावयाला तर नावच नव्हतं. 'तो लिफ्टवाला', तेही कधीमधी.

मी तिच्याशी फोनवर बोलायचे, दुपारी, हे कामावर असताना. ह्यांना ते माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे मलाही माहीत होतं. संध्याकाळी हात धुताना भिंतीकडे बघत विचारायचे, "आज फोन लांबला वाटतं?" मी म्हणायचे, "हो, लांबला." मग मुद्दाम पातेली आवरता आवरता स्वतःशी बोलल्यासारखं सगळं सांगायचे. नातीला दात आला, नात चालायला लागली, नातीला ताप आला. हे ऐकत नसल्यासारखे ऐकायचे. तापाचं सांगितलं त्या दिवशी ताट अर्धं टाकून उठले.

त्यांना पोरगी परत हवी होती. मला ते दिसत होतं, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिला परत बोलवायचं म्हणजे आपण चुकलो म्हणायचं, आणि ते जिभेवर येईना.

अशात चिमीच्या घरी गाडी आली. जुनीच, कुणाची तरी वापरलेली. तिच्याबरोबर ॲल्युमिनियमची चार चाकं फुकट मिळाली होती. टायर नसलेली, नुसती चाकं. आधीच्या मालकाने त्यांना काळा रंग फासला होता आणि तो जागोजागी फुगून त्याचे पोपडे सुटले होते. गाडी आपली लोखंडी चाकांवर पळत होती, म्हणून जावई म्हणत होता की भंगारवाल्याला देऊन टाकू. हे सगळं मी नेहमीप्रमाणे पातेल्यांना सांगितलं. हे जेवत होते. घास चावून झाला, पाणी प्यायले, मग म्हणाले, "भंगारात घालू नका म्हणावं. मी करून देतो."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "कुणाला करून देता?" मी विचारलं.

"ज्याची चाकं आहेत त्याला."

मी पुढे एक अक्षर बोलले नाही. उगाच काही बोलायचं आणि होत आलेलं बिघडवायचं, ही खोड माझीही आहे. माझा धाकटा भाऊ टेम्पो चालवतो. त्याने दुसऱ्या दिवशी चारही चाकं आणून मागच्या दारी उतरवली.

ॲल्युमिनियमचं काम ह्यांनी कधी केलं नव्हतं. रंगाच्या दुकानात विचारायला गेले. दुकानदाराने रंग सोडवायचा जेल दिला आणि वर सांगितलं, "तुमचा सोडा याला लावू नका हां, ॲल्युमिनियम खातो तो." हे घरी आले ते धुसफुसतच. "मी रंग काढायला लागलो तेव्हा हा शाळेत जात होता. मला शिकवतो."

पण केलं मात्र त्याने सांगितलं तसंच. जेल ब्रशने जाड थापायचा, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, वाट बघायची. दुधावरच्या सायीसारखा रंग वर सुरकुतत यायचा. मग लाकडाच्या पट्टीने खरवडायचा, कारण लोखंडी पट्टीने ओरखडे उठतात. काळ्याखाली चंदेरी निघाला, चंदेरीखाली पिवळट अस्तर निघालं, आणि प्रत्येक थराला पुन्हा तेच सगळं. कोपऱ्यांतला रंग काढायला बारीक ब्रश हवा होता, तर महाराजांनी माझा दात घासायचा ब्रश उचलला. सकाळी मी तो शोधतेय, आणि हा तिकडे चाकाच्या कोपऱ्यात. मी तोंड सोडलं तर म्हणतात, "तुझे दात काय, पुन्हा घासता येतील."

रंग निघाला की पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग ड्रिलला कापडाची गादी लावून, तिला पॉलिशचा साबण चोपडून फिरवत बसायचं. घरभर ती घरघर. माझं डोकं उठायचं. ह्यांचा चेहरा, दाढी, कानाच्या पाळ्या सगळं काळं. पण पहिलं चाक झालं तेव्हा ते उचलून थेट पुढच्या खोलीत आणलं आणि मला स्वयंपाकघरातून बोलावलं. इतक्या वर्षांत कुठल्याही गेटसाठी बोलावलं नव्हतं. "बघ," म्हणाले. मी बघितलं. खरंच, नजर ठरत नव्हती. "छान झालंय," मी म्हटलं. मग माझ्या चांगल्या चादरीत ते गुंडाळून ठेवलं. मी चादरीबद्दल बोलणार होते, पण त्यांचं तोंड बघून गप्प बसले.

तीन चाकं अशी झाली. तिसरं होत होतं तेव्हा चिमीचा फोन आला, पहिल्यांदाच संध्याकाळी, हे घरात असताना. रविवारी आम्ही दोघं येऊन चाकं घेऊन जातो म्हणाली, मुलीलाही आणतो. मी ह्यांना सांगितलं. ते नुसते "बरं" म्हणाले आणि परसात जाऊन बराच वेळ उभे राहिले. मग आत येऊन मला विचारलं, "पोरीच्या पोरीला काय आवडतं गं खायला?"

आता चौथं चाक राहिलं, आणि जेलचा डबा संपला. दुकान बंद, दुकानदार गावाला गेलेला. दुसऱ्या दुकानातून आणता आला असता, पण तेवढा दम कुठला? सकाळी मी भाजी आणायला गेले, तेवढ्यात ह्यांनी चाक आकड्याला अडकवून सोड्याच्या पिंपात सोडलं. वर झाकण ठेवलं आणि दाढी करायला बसले. हयातभर जे केलं तेच केलं. लोखंडाचा माणूस.

मी परत आले तर मागून फसफस ऐकू येत होती. झाकण उड्या मारत होतं, पांढरी वाफ येत होती आणि वासाने घसा धरला. मी ओरडले. हे तोंडाला फेस तसाच ठेवून धावत आले, आकडा ओढला. चाक वर आलं ते तव्यासारखं काळं. नळीने पाणी मारलं. काळं धुऊन गेल्यावर खाली अंगभर खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. कडा झिजलेल्या.

हे बादली पालथी घालून तिच्यावर बसले. मी म्हटलं, "अहो, तो दुकानदार म्हणाला होता ना..."

"सोडा कडक झाला होता जरा," ते म्हणाले.

मला असा संताप आला की विचारू नका. पण अर्ध्या गालावर साबण वाळलेला तो माणूस बघून मी नुसता टॉवेल आणून त्यांच्या हातात दिला.

त्यानंतर ते दुसऱ्या कुठल्या कामाला गेलेच नाहीत. चौथं चाक घासत बसले. खड्डे जाईपर्यंत खरखरीत कागद, मग पुढचे सगळे कागद, मग साबण, मग ड्रिल. बोटांची कातडी निघाली, चिंध्या गुंडाळून घासलं. शनिवारी संध्याकाळी ते इतरांच्या शेजारी उभं केलं, आणि खरं सांगते, चारीत तेच उजवं होतं. सुटले एकदाचे, असं मला वाटलं. मला काय कळतं धातूतलं? दिसतंय चांगलं म्हणजे झालं चांगलं.

रविवारी गाडी आली. चिमी फाटकाशी येऊन थांबली. याच फाटकावर झोके घेऊन मोठी झालेली पोरगी, पण आत यायला पाय उचलेना. हे अंगणात उभे होते, पुढे झाले नाहीत. मी मनातल्या मनात त्यांना ढकलत होते. शेवटी म्हणाले, "फाटक लाव मागे. कुत्रं येतं." चार वर्षांनी बोललेलं पहिलं वाक्य हे. चिमी हसली, हसता हसता रडली, आणि फाटक लावून आत आली.

जावई चाकांपुढे उकिडवा बसला. कितीतरी वेळ हात फिरवत होता. "बाबा, हे तुम्ही हाताने केलंत?" हे म्हणाले, "मग काय पायाने?" पण ते खुशीत बोलले होते, मला कळतं ते. दोघं मिळून कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेले. लोखंडी चाकांवरचे टायर काढून या चाकांवर चढवून आणले आणि अंगणातच गाडीला बसवायला घेतले. तीन चाकं दोघांनी बसवली. चौथं, पुढचं डावं, हे म्हणाले, "हे मी बसवतो." जावई हात धुवायला नळावर गेला.

मी पायरीवर चहा घेऊन उभी होते. ह्यांनी नट घातला, पान्याने आवळला. थांबले. शेजारच्या तयार चाकाकडे जाऊन बघून आले. परत नट काढला, भोकात बोट घातलं, परत आवळला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. चहा घ्या म्हटलं तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवायला सगळे खाली गोल बसलो. नात सरळ जाऊन ह्यांच्या मांडीवर बसली, कुणी सांगितलं नव्हतं तरी. चिमी वाढत होती, "बाबा, अजून घ्या ना," म्हणत होती. जावई त्याच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या एका जाड्या बाईची गोष्ट सांगत होता, आणि आम्ही हसत होतो. या माणसाला जे जे हवं होतं ते सगळं त्याच्याभोवती बसलं होतं, आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

पाणी प्यायच्या निमित्ताने ते स्वयंपाकघरात आले. हळू आवाजात म्हणाले, "चौथ्याची भोकं सैल झालीत. सोड्याने नट बसतात तिथेही खाल्लंय. नट आतपर्यंत जातो."

"म्हणजे काय होईल?"

"चाक निघून येईल. आज नाही तर उद्या. रस्त्यात, वेगात."

बाहेर नात खिदळत होती. "मग सांगा ना," मी म्हटलं.

"सांगतो." पण हलले नाहीत. रिकामा पेला हातात धरून उभे. मग म्हणाले, "पुन्हा येतील का गं?"

इतकी वर्षं ह्यांनी मला कधी असं विचारलं नव्हतं. मला जवळ जाऊन त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण माझी जीभ ही अशी. "न सांगता गेले, तर यायला उरतील तरी का?" मी म्हटलं.

ते बाहेर गेले. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून माझा जीव टांगणीला. जावयाने लोखंडी चाकं डिकीत टाकली, हे बघत राहिले. चिमी पाया पडली, हे बघत राहिले. नातीला मागे बसवलं, काच खाली झाली, टाटा सुरू झाला. ह्यांचे ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. मी ठरवलं, आता मीच बोलते. तेवढ्यात जावयाने गाडी सुरू केली, आणि हे पुढे गेले आणि गाडीच्या अगदी पुढ्यात, मातीत, खाली बसले.

जावयाला वाटलं चक्कर आली. गाडी बंद करून धावत आला. "बाबा, काय होतंय?"

"ते चाक काढा," हे म्हणाले. आवाज फाटलेला. "डावं. मी सोड्यात टाकलं होतं. नको सांगितलं असताना टाकलं. त्याची भोकं गेलीत. चाक निघून येईल. मी चुकलो. काढा ते."

मी ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं. पण त्याचा आनंद मानायला सवडच मिळाली नाही, कारण चिमी गाडीतून उतरली होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझी मुलगी बसली होती आत," ती म्हणाली. "चार वर्षं ज्याचं नाव घेतलं नाहीत, त्याची चाकं करून देतो म्हणालात. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मुद्दाम केलंत ना, बाबा?"

माझा हात उठला होता, खोटं कशाला सांगू. पण हे तिच्याकडे बघत होते आणि नाही म्हणत नव्हते. जन्मात पहिल्यांदा खरोखर न केलेल्या गोष्टीचा आळ आला होता, आणि हा भांडखोर माणूस तोंडातून ब्र काढेना. नुसतं म्हणाले, "आधी चाक काढा. मग काय म्हणायचं ते म्हण."

जावयाने डिकी उघडून जॅक काढला, स्टेपनी काढली. ती लोखंडी चाकावर होती, धुळीने माखलेली. गाडी उचलली, नट सोडवले, ते चमकणारं चाक बाहेर काढून मातीत आडवं ठेवलं. एकेका भोकात बोट घालून बघितलं. मग मान वर न करताच चिमीला म्हणाला, "मुद्दाम करणारा माणूस गाडीपुढे बसत नसतो."

चिमी उभीच होती. जावयाने स्टेपनी बसवली, नट हाताने फिरवून जागेवर आणले, जॅक उतरवून गाडी खाली घेतली. हे अजून मातीतच बसलेले, बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या सुटून लोंबत होत्या. जावई त्यांच्याजवळ गेला आणि पाना त्यांच्यापुढे धरला. "बाबा, नट तुम्ही आवळा," म्हणाला.

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग चिमीकडे. पाना घेतला नाही. तिची परवानगी असल्याशिवाय ते घेणार नव्हते. गाडीतून नात आईला हाका मारत होती. चिमी तशीच उभी राहिली, डोळे पुसले, आणि पुन्हा उभी राहिली. मग तिने मागचं दार उघडलं, आत जाऊन बसली, मुलीला मांडीवर घेतलं आणि दार लावून घेतलं.

हे उठले, जावयाच्या हातातला पाना घेतला, गुडघे टेकून चाकाशी बसले, आणि एकेक नट आवळायला लागले.